प्रतिसाद: ओपीजी स्वच्छ म्हणजे दात निर्दोष नव्हे

‘ओपीजीत (संपूर्ण जबड्याच्या सपाट एक्स-रेत) दात ठीक दिसले, म्हणजे डोळ्याच्या खोबणीतला पू दातामुळे नाही’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे. ओपीजीत वरच्या दाढांची मुळं आणि सायनसचा (गालाच्या हाडातल्या पोकळीचा) तळ एकमेकांवर येतात, मुळाच्या टोकाचा संसर्ग सहज झाकला जातो. कॉन्ट्रास्ट सीटीच (शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन) हवा, पण फॉर्मवर नुसतं ‘ऑर्बिट’ (डोळ्याची खोबण) लिहू नका; ‘ऑर्बिट व पीएनएस (नाकाभोवतीचे सायनस), खाली वरचे दात पूर्ण येईपर्यंत’ असं लिहा. नाहीतर स्कॅन वरच थांबतो आणि नेमक्या दाढाच सुटतात. काप 1 मिमी किंवा त्याहून पातळ. कोरोनल (समोरून दिसणाऱ्या उभ्या कापांच्या) प्रतिमा बोन विंडोत, म्हणजे हाड स्पष्ट दिसेल अशा सेटिंगवर, बघा: मुळाच्या टोकाभोवती काळं वलय, सायनसच्या तळाचं हाड तुटलेलं, एकाच बाजूचा सायनस भरलेला. सायनस स्वच्छ असला तरी दात निर्दोष ठरला असं नाही. संसर्ग दाढेमागून खोबणीच्या खालच्या फटीतूनही चढतो.

सीबीसीटीत (दात-जबड्यासाठीच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये) दात छान दिसतात, पण मऊ भागातला पू नीट कळत नाही. नजर कमी होत असेल तर त्यात वेळ घालवू नये. आपल्या नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि शासकीय डेंटल कॉलेज शेजारी-शेजारी आहेत, तेव्हा सीटी त्याच दिवशी दंतशल्यचिकित्सकाला दाखवा. रुग्ण मधुमेही असेल तर म्युकर (काळी बुरशी) तपासायला कॉन्ट्रास्ट एमआरआयही लागतो.