डी ड्राइव्हवरच्या वर्ड फाइलवर जुनी कॉपी रिप्लेस झाली. आजीच्या ओव्या परत मिळतील का?

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. हात थरथरतोय, लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

आज संध्याकाळी साडेसातला माझ्या हातून आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची फाइल गेली. डिलीट झाली नाही, तिच्यावर जुनी फाइल बसली. नेमकं काय झालं ते सगळं सांगते, म्हणजे उपाय सांगणाऱ्याला अंदाज येईल.

लॅपटॉप २०१८ चा, विंडोज १०. आत १ टीबीची साधी हार्ड डिस्क, एसएसडी नाही. तिचेच सी आणि डी असे दोन भाग केलेत. फाइल डीवर होती, वर्डची, डॉकएक्स. काल रात्री २१२ पानं झाली होती, साईझ ४१२ केबी. पेनड्राइव्हवर तिचीच मागच्या वर्षीच्या शिमग्यातली कॉपी होती, १३१ पानांची. आजीच्या वर्षश्राद्धाला छोटं पुस्तक काढायचं ठरलंय. सांगलीच्या डीटीपीवाल्या काकांना फाइल द्यायची म्हणून नवी फाइल पेनड्राइव्हवर टाकायला बसले. दोन्ही फोल्डर शेजारी शेजारी उघडले आणि ओढली ती उलटी, पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर. रिप्लेस करायची का असं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, कारण मला पेनड्राइव्हवरची जुनी रिप्लेस करायचीच होती. उघडून बघते तर शेवटचं पान १३१. मधली ८१ पानं नाहीत.

पहिल्यांदा हे सगळं मी वहीत घेतलं होतं, २०१६ पासून. आमचं गाव भिलवडीजवळ, नदीकाठी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं, वही कपाटाच्या खालच्या खणात होती. पाणी ओसरल्यावर हातात लगदा आला, निळी शाई पानभर पसरलेली. मी रडत बसले तर आजी म्हणाली, "वही गेली तर जाऊ दे, मी हाय न्हवं अजून. लिव्ह परत." पुन्हा पाण्याची भीती नको म्हणून कॉम्प्युटरवर घ्यायला लागले.

आजीला नुसतं बसून ओवी आठवायची नाही. मूठभर ज्वारी घालून जातं फिरवायला बसली, खुंट्यावर हात पडला, की एकीतून दुसरी निघायची. मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन टाइप करायची. कीबोर्डच्या फटीत अजून पीठ आहे, मी ते कधी झाडलं नाही. गेल्या मार्गशीर्षात आजी गेली. जी ८१ पानं गेलीत त्यांत तिचं शेवटचं वर्ष आहे. फोनवर थोडं रेकॉर्डिंग आहे, पण जात्याच्या घरघरीत अर्धे शब्द कळत नाहीत.

आतापर्यंत केलं ते असं: कंट्रोल झेड दाबून पाहिलं, काही झालं नाही. रिसायकल बिनमध्ये नाही. सांगलीच्या एका दुकानात फोन केला, ते म्हणाले लॅपटॉप आणून द्या, आधी फॉरमॅट मारून घेऊ, मग रिकव्हरी बघू. मला ते पटेना म्हणून थांबले. उद्या सकाळी द्यायचं कबूल केलंय. देऊ का?


एमएससीआयटी सर | मंगळवार, रात्री ११.५८

ताई, आधी हे बघा. त्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात प्रीव्हियस व्हर्जन्स. फाइल हिस्टरी चालू असेल किंवा त्या ड्राइव्हचे रिस्टोर पॉइंट बनत असतील तर कालची फाइल तिथे तयार मिळेल. दुसरं, वर्ड उघडून फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स. वर्ड दर १० मिनिटांनी ऑटोरिकव्हरची प्रत काढत असतं.

यात नाही मिळालं तर रिकुव्हा, म्हणजे डिलीट झालेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम, टाकून डी स्कॅन करा. फुकट आहे, आमच्या क्लासमध्ये मुलांचे प्रोजेक्ट दोनदा परत मिळवलेत.


डिस्कवैद्य | बुधवार, पहाटे १२.२१

ताई, लॅपटॉप त्या दुकानात अजिबात देऊ नका. रिकव्हरीच्या आधी फॉरमॅट कोणी करत नाही.

सरांनी सांगितलेल्या पहिल्या दोन गोष्टी नुसत्या बघायच्या आहेत, त्या बघा. पण आशा कमी ठेवा. डीचं सिस्टम प्रोटेक्शन, म्हणजे रिस्टोर पॉइंट बनवणारी सोय, बहुतेक लॅपटॉपवर बंदच असतं. आणि ऑटोरिकव्हरची प्रत वर्ड बिघडलं तर कामाची. तुम्ही नीट सेव्ह करून बंद केलंत की वर्ड ती स्वतःच काढून टाकतं. रिकुव्हा मात्र आत्ता त्या लॅपटॉपवर टाकू नका, सरांची माफी मागून सांगतो. डीवर आता एक अक्षरही लिहायचं नाही. डाउनलोड नाही, फोटो नाही, ती फाइल उघडून पुन्हा सेव्ह करणं तर नाहीच.

मी १४ वर्षं हेच काम करतोय, म्हणून खरं काय ते सांगतो. रिप्लेस केल्यावर कालची शेवटची प्रत जिथे होती त्या जागेवर जुनी फाइल लिहिली गेली असण्याची शक्यता मोठी आहे. ती प्रत गेली असंच धरून चला. पण तुमची फाइल वर्डची आहे, आणि इथे आशा आहे.

वर्ड सेव्ह करताना जुन्या फाइलच्या पोटात लिहीत नाही. शेजारी एक तात्पुरती फाइल बनवतं, सगळा मजकूर तिच्यात उतरवतं, मग जुनी फाइल काढून टाकून नवीला तिचं नाव देतं. म्हणजे तुम्ही जितक्या वेळा कंट्रोल एस दाबलंत तितक्या वेळा आधीची अख्खी प्रत डीवर डिलीट होऊन पडली. डिलीट म्हणजे पुसणं नव्हे. विंडोज फक्त नोंद करतं की ही जागा आता रिकामी समजा. एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या डिस्कवर फाइली मांडायच्या नेहमीच्या पद्धतीत, जागेचा तुकडा साधारण ४ केबीचा असतो, तुमची ४१२ केबीची फाइल म्हणजे असे १०३ तुकडे. त्यांवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत अक्षरं जिथल्या तिथे असतात. चार-पाच वर्षं रोज सेव्ह करत आलात, त्यामुळे डीवर तुमच्या फाइलच्या कितीतरी जुन्या प्रती पडलेल्या असणार. रिप्लेस झालेली सोडा, आपण तिच्या आदल्या प्रती शोधू.

एसएसडी असती तर मी एवढं बोललो नसतो. तिथे विंडोज ७ पासून ट्रिम नावाची सोय आहे. डिलीट केलं की डिस्कला लगेच कळवलं जातं आणि ती जागा साफ होऊन जाते. साधी हार्ड डिस्क आहे हे तुमचं नशीब.

दोन गोष्टी सांगा. डी किती भरलाय? आणि संध्याकाळनंतर त्यावर काय काय केलंत?


कृष्णाकाठची | बुधवार, सकाळी ६.५०

दादा, रात्री तुमचं वाचलं आणि लॅपटॉप लगेच बंद केला. दुकानाला नाही म्हणून कळवलं. आता फोनवरून लिहितेय. प्रीव्हियस व्हर्जन्समध्ये काही नव्हतं, अनसेव्ह्डमध्येही रिकामं.

डी जवळजवळ ७३० जीबीचा, त्यात १२० जीबी भरलाय. संध्याकाळनंतर त्यावर काही टाकलेलं नाही, फक्त ती फाइल दोनदा उघडून बंद केली, सेव्ह नाही केली.


पुणेकर मावशी | बुधवार, सकाळी ९.१५

बाळा, तुझं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आईच्याही ओव्या होत्या, आम्ही कोणी लिहून ठेवल्या नाहीत. हेमा राईरकर यांनी पुण्यातून सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, लाखाच्या वर आहेत त्या. त्यात आईसारख्या कुणाची तरी ऐकायला मिळते, तेवढंच.

कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही. पण तू ही फाइल कधी कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवली होतीस का? माझा मुलगा सांगतो, पाठवलेली फाइल आपल्या फोनमध्येच व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्सच्या आत सेंट नावाच्या फोल्डरमध्ये राहते. मेललाही बघ.


डिस्कवैद्य | बुधवार, सकाळी १०.०५

मावशींचा मुद्दा पहिला बघा, त्यात डिस्कला हात लावावा लागत नाही.

भरपूर जागा रिकामी आहे, चांगलं आहे. आता असं करा. शेजाऱ्यांच्या किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टेस्टडिस्क नावाचा प्रोग्राम डाउनलोड करा. त्याच्यासोबतच फोटोरेक येतं, डिलीट झालेल्या फाइली शोधायचं काम ते करतं. क्रिस्तोफ ग्रेनिए नावाच्या गृहस्थांनी केलेलं आहे, फुकट आणि ओपन सोर्स. नावात फोटो असला तरी वर्डच्या फाइलीही काढतं, आणि ज्या डिस्कमधून शोधतं तिच्यावर काही लिहीत नाही. ते एका वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. शिमग्यातली कॉपी असलेला पेनड्राइव्ह कपाटात ठेवून द्या, तो आता कशालाही वापरायचा नाही. सापडलेल्या फाइली ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क लागेल, मागून आणा.

फोटोरेक ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. काळी खिडकी येते, माउस चालत नाही, बाणांच्या बटणांनी फिरायचं. डिस्क निवडा, मग डीचा भाग. फाइल ऑप्टमध्ये जाऊन एस दाबा, सगळ्या खुणा जातील, मग फक्त झिपवर खूण करा. डॉकएक्स ही आतून झिपच असते, म्हणून ती त्यात येते. पुढे अदर निवडा, मग फ्री, म्हणजे फक्त रिकाम्या समजलेल्या जागेत शोधेल. शेवटी साठवायची जागा विचारेल, तिथे बाहेरची डिस्क. इथे घाई करू नका, दोनदा वाचा.

फाइलींची नावं परत मिळणार नाहीत, एफ आणि पुढे लांबलचक आकडा असं काहीतरी येईल. साईझप्रमाणे लावा आणि ३०० ते ४२० केबीच्या आधी उघडा.


कृष्णाकाठची | गुरुवार, रात्री १०.३०

मंडळी, मिळाल्या!

सगळं सांगते. व्हॉट्सॲपवर फक्त दिवाळीतली एक कॉपी निघाली, आत्येबहिणीला पाठवलेली, १६८ पानांची. मावशी, तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा. ती उघडल्यावरच माझ्या जीवात जीव आला, आजीचा आवाज थांबला तिथपर्यंतचं जवळजवळ सगळं त्यात होतं. पण तिने शेवटच्या महिन्यात सांगितलेलं, आणि नंतर मी बसून एकेका शब्दाचे अर्थ लिहिले होते ते, त्यात नव्हतं.

मग काल संध्याकाळी फोटोरेक लावलं. भावाने त्याची हार्ड डिस्क दिली. साठवायची जागा निवडताना त्याला शेजारी बसवून वाचून घेतलं. पावणेचार तास चाललं. आई मधे मधे येऊन विचारायची, सापडल्या का, आणि स्क्रीनवर नुसते आकडे वाढत होते. एकूण १,३४६ फाइली निघाल्या. साईझप्रमाणे लावल्यावर आपल्या कामाच्या ५८ राहिल्या, त्यांतल्या ३४ ओव्यांच्या. चार वर्षांपूर्वीचीही एक निघाली, २२ पानांची, तिच्यात मी "खुंटा" चुकीचा लिहिला होता तो तसाच.

सर्वांत नवी म्हणून निघाली ती रविवार रात्रीची, २१० पानं. दादा, मी ती उघडली आणि आधी १३२ व्या पानावर गेले. होतं तिथेच. "भावाच्या ओव्या" असा मथळा, खाली आजीची पहिली. मी मोठ्याने वाचली, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दारातच बसली.

४०९ केबीची एक फाइल उघडेना, वर्ड म्हणतं आत वाचता न येणारा मजकूर आहे. ती सोमवारची असेल का? तिच्यातून काही निघेल?


डिस्कवैद्य | गुरुवार, रात्री ११.०२

फार फार आनंद झाला ताई.

ती फाइल तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असणार, मधला एखादा तुकडा दुसऱ्याच कशाचा लागलाय. मूळ तशीच ठेवा, कॉपीवर काम करा. सेव्हनझिपने, म्हणजे झिप फाइली उघडणाऱ्या प्रोग्रामने, ती कॉपी उघडा, आत वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये डॉक्युमेंट एक्सएमएल आहे. एरर दाखवलं तरी बाहेर काढा आणि नोटपॅडमध्ये उघडा. खुणांच्या गर्दीत तुमची अक्षरं दिसतील, जिथवर तुकडे सलग आहेत तिथवर.

आणि आजच वर्डमध्ये ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, सेव्हच्या खाली "ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी"वर खूण करून टाका. आधीची प्रत फाइलच्या शेजारी आपोआप राहील.


कृष्णाकाठची | शुक्रवार, सकाळी ८.१०

केलं दादा. साधारण १९० पानांपर्यंतचा मजकूर निघाला, पुढे तुटलाय. म्हणजे सोमवारची शेवटची दोन पानं काही मिळाली नाहीत. त्यांत नऊ ओव्या होत्या, आत्याने सांगितलेल्या. माहेराहून निघताना म्हणायच्या.

२१० पानांची फाइल आता भावाच्या डिस्कवर, माझ्या मेलमध्ये आणि डीटीपीवाल्या काकांकडे अशी तीन ठिकाणी आहे. नावात तारीख घातलीय.

सकाळीच आत्याला फोन लावला. नऊतल्या चार तिने फोनवरच सांगितल्या, मी कागदावर उतरवल्या. पुढची आठवेना. म्हणाली, शनिवारी ये, जातं मांडून ठेवते.