निरोपाला शाल-श्रीफळ सोडून काय द्यावं?

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापक बाई ३१ मेला ५८ व्या वर्षी निवृत्त होतायत. आम्ही अकरा जण, माणशी ३०० रुपये वर्गणी. शाल आणि भिंतीवरचं घड्याळ नको. एक सर म्हणतात, शाळेची जुनी पितळी घंटाच देऊ.

निवृत्त गुरुजी:
घंटा अजिबात नको! ती जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या यादीत असणार, नव्या मुख्याध्यापकांना चार्ज देताना बाईच अडकतील. मला निरोपाला नऊ शाली आल्या. सात पुढे लग्नाकार्यात फिरल्या. जपून ठेवली ती एक वही. जुन्या मुलांनी एकेक पान लिहिलेलं. एकाने लिहिलंय, "गुरुजी, तुमच्या डब्यातली चपाती मी रोज काढायचो, माहीत होतं ना?" माहीत होतं. म्हणून तर एक जास्त आणायचो.

दुसरीच्या वर्गाच्या बाई:
वही भारी! पण मेमध्ये पोरं मामाच्या गावाला असतात, पानं एप्रिलमध्येच वाटा. आणि नव्या मुख्याध्यापकांच्या हातातही गुलाब द्या हो, बिचारे त्या दिवशी कोपऱ्यात उभे असतात.

प्रश्नकर्ती:
वही ठरली. घंटावाल्या सरांना वर्गणी गोळा करायला बसवलंय.