मदत हवी आहे: विकीवरच्या कोडला रंग येत नाहीत

अर्धविराम
आमच्या ग्रुपचा प्रोग्रॅमिंगचा विकी आहे. कोडमधल्या वेगवेगळ्या शब्दांना वेगवेगळे रंग यायला हवेत, ते येतच नाहीत. रंग देणारं एक्स्टेन्शन (वरून जोडायचा भाग) टाकलं, कोडभोवती टॅग लावले, दहा वेळा रिफ्रेश केलं. एरर नाही, काही नाही, चौकटीत नुसती काळी अक्षरं. उद्या नव्या मंडळींना विकी दाखवायचाय. जरा लवकर सांगा.

कंसात_कंस
कुठला विकी? आवृत्ती? एक्स्टेन्शन कुठलं? टॅग कुठला? एवढ्यावर ज्योतिषीच सांगू शकेल.

अर्धविराम
मीडियाविकी, विकिपीडियाचं सॉफ्टवेअर, अजून कुठला. एक्स्टेन्शन नेहमीचंच.

जुनं_खोड
नेहमीचं म्हणजे गेशी, कोडला रंग देणारा प्रोग्रॅम. आम्ही वर्षानुवर्षं वापरलं, कधी कुरकुर नाही. सोर्स टॅग लावायचा की झालं. हल्ली साध्या गोष्टी अवघड करून ठेवल्यात.

कंसात_कंस
जुनं_खोड, तुमचं गेशी केव्हाच गेलं. मीडियाविकी १.२६ पासून, म्हणजे २०१५ पासून, तिथे रंग द्यायला पिगमेंट्स हा दुसरा प्रोग्रॅम आहे. एक्स्टेन्शनच्या फोल्डरच्या नावात गेशी तसंच राहिलंय, म्हणून अजून लोक फसतात. सोर्स टॅगही आता वापरू नका म्हणतात, सिंटॅक्सहायलाइट लिहायचं.
धागाकर्ते, लँग दिलंय का? भाषा सांगितली नाही तर रंग येणारच नाहीत.

निळा_कर्सर
कोडमिरर टाका. दोन मिनिटांत काम. आमच्याकडे झकास चालतं.

कंसात_कंस
कोडमिरर संपादनाच्या खिडकीत रंग देतो हो. वाचणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

अर्धविराम
लँग दिलंय. पायथनला पायथन, सीला सी. मी काय नवशिका वाटलो?

मूषकराज
डोकुविकी या दुसऱ्या विकी सॉफ्टवेअरवर या. डेटाबेसची भानगड नाही, रंग आधीपासून आत असतात, कोड टॅगमध्ये भाषेचं नाव लिहिलं की बास.

अर्धविराम
४०० पानं आहेत. कोण हलवणार?

मूषकराज
मी फक्त पर्याय सांगितला.

जुनं_खोड
आणि डोकुविकीत आत काय आहे सांगा की मूषकराज? गेशीच!

टॅबवाला
एक लांबलचक फाइल आख्खी एका टॅगमध्ये घातली आहे का? १००० ओळींच्या किंवा १०० केबीच्या वर गेलं की ते रंगवायचं सोडून देतं, मुकाट्याने. माझे दोन दिवस गेले होते यात.
अवांतर: इंडेंट टॅबने करा, स्पेसने नको.

मूषकराज
टॅब की स्पेस हा वाद इथे सुरू करू नका.

अर्धविराम
पाच-सात ओळींचे तुकडे आहेत. त्यांनाही रंग नाही.

कंसात_कंस
सर्व्हर स्वतःचा की शेअर्ड होस्टिंग (अनेकांत मिळून भाड्याचा)?

अर्धविराम
शेअर्ड. त्याने काय फरक पडतो?

कंसात_कंस
हे आधी सांगितलं असतं तर! पिगमेंट्स पायथनमध्ये आहे. विकी पीएचपीत, म्हणजे वेगळ्याच भाषेत. रंगवायची वेळ आली की विकी बाहेरचा प्रोग्रॅम चालवतो, आणि त्यासाठी पीएचपीचं प्रॉक-ओपन हे फंक्शन लागतं. शेअर्ड होस्टिंगवाले सुरक्षेसाठी तेच बंद ठेवतात. पीएचपीच्या सेटिंगमध्ये बंद केलेल्या फंक्शनांची यादी बघा.

अर्धविराम
आहे यादीत. होस्टिंगवाल्यांना विचारलं, सरळ नाही म्हणाले.

जुनं_खोड
बघा! गेशी पीएचपीतच होतं. त्याला बाहेरचं काही लागत नव्हतं.

कंसात_कंस
हे मात्र खरं बोललात. पण आजच्या मीडियाविकीत ते कसं बसवणार?

टॅबवाला
मग ब्राउझरमध्ये रंगवा. प्रिझम हे जावास्क्रिप्टचं साधन घ्या. छोटं, सुटसुटीत.

कंसात_कंस
प्रिझमला प्री टॅगच्या (मजकूर जसाच्या तसा दाखवणाऱ्या चौकटीच्या) आत कोड टॅग लागतो, त्यावर भाषेचा क्लास (टॅगवरची खूण) लागतो. इथे चौकटीत नुसता प्री आहे. सगळ्यांना जावास्क्रिप्टने गुंडाळत बसावं लागेल. हायलाइट-जेएस हे तसंच दुसरं साधन थेट प्रीवर चालवता येतं आणि भाषा स्वतः ओळखतं. पानांना हात लावायचं कामच नाही. मीडियाविकी:कॉमन-जेएस या पानावरची जावास्क्रिप्ट सगळ्या विकीवर चालते; तिथे ते लोड करा, एक्स्टेन्शन चौकटीला देतं त्या एमडब्ल्यू-हायलाइट क्लासच्या आतले सगळे प्री शोधा आणि एकेक त्याच्या हवाली करा.

टॅबवाला
ओळखतं?? अंदाज मारतं म्हणा. छोट्या तुकड्यांवर हमखास चुकतं.

अर्धविराम
कॉमन-जेएस उघडतं, पण जतन करू देत नाही. मी ॲडमिन आहे तरी!

कंसात_कंस
१.३२ पासून त्याला इंटरफेस ॲडमिनचा वेगळा अधिकार लागतो. ब्यूरोक्रॅट (सदस्यांना अधिकार देणारे) असाल तर सदस्य अधिकारांच्या पानावर स्वतःच स्वतःला द्या.

अर्धविराम
झालं!! रंग आले. कंसात_कंस, मनापासून आभार.
फक्त एक, शेलच्या तीन ओळींच्या कमांडला भलत्याच भाषेचे रंग लागतायत.

टॅबवाला
काय म्हणालो होतो?

कंसात_कंस
तेवढ्या पानांवर टॅग बदलून साधा प्री लावा आणि त्याला लँग्वेज-बॅश असा क्लास द्या (बॅश म्हणजे शेलची भाषा). तिथे अंदाज थांबेल. मात्र कॉमन-जेएसमधल्या शोधात ते प्रीही घ्या, नाहीतर उद्या पुन्हा हाच धागा काढाल.

निळा_कर्सर
कोडमिरर टाकून बघितलं का?