सिंहगड हा विझलेला ज्वालामुखी आहे का? आणि तिथले पक्षी, झाडं?

मुक्ता_धायरी

लेक चौथीत आहे. शाळेतून 'आपल्या जवळचा डोंगर' असा प्रकल्प मिळालाय आणि तिने सिंहगड निवडलाय. व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय, त्यात म्हटलंय की सिंहगड, राजगड, तोरणा हे सगळे विझलेले ज्वालामुखी आहेत आणि गडमाथा म्हणजे बुजलेलं विवर. कोकणात गरम पाण्याचे झरे आहेत, म्हणजे आत अजून धग आहे, असंही त्यात आहे. ते वाचून लेक विचारते, "मग गडावरचं ते पाण्याचं देवटाकं म्हणजे विवराचं तोंड का?" काय सांगू? शिवाय तिला तिथले प्राणी-पक्षीही लिहायचेत. इंटरनेटवरून उतरवून काढण्यापेक्षा तिने स्वतः बघून लिहावं असं वाटतं. कुठे, कधी, काय बघायचं?

कातळवेडी

मुक्ता, देवटाकं विवर नाही आणि सिंहगड ज्वालामुखीही नाही. लाव्ह्याचं एक अफाट पठार होतं, त्यातला झिजता झिजता उरलेला तुकडा म्हणजे सिंहगड. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे आणि आतकरवाडीच्या वाटेने अजूनही गडावर जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे शंकूसारखा एखादा डोंगर फुटला नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा वाहत राहिला. एक थर पसरला, निवला, मध्ये बराच काळ गेला, मग त्यावर दुसरा. काही प्रवाह तर आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचले. आज जो बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, शिल्लक आहे तोही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. पूर्वेकडे तो पातळ होत जातो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तिथे ३३८ मीटरवर तो संपला. आपल्या सह्याद्रीत त्याची जाडी याच्या कितीतरी पट आहे.

डोंगर झाले ते नंतर, पाण्याने कोरून. सिंहगड साधारण १३१२ मीटर उंच. राजगड, तोरणा, पुरंदर हेही १३०० ते १४०० मीटरच्या आसपासच. माथ्यावरून लेकीला या तिघांकडे बोट करून दाखवा आणि सांगा की मधल्या दऱ्या एके काळी भरलेल्या होत्या, हे माथे एकाच थरांच्या चळतीचे. समोरच्या डोंगरावरच्या आडव्या कड्यांच्या रेघा आपल्या बाजूच्या रेघांशी जुळतात, ते तिला स्वतःला दिसेल.

आणि धग? ती आता आपल्या खाली नाही. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत आला. तेव्हा लाव्हा पुरवणारी जागा आज हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली आहे असं मानतात, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. कोकणातल्या झऱ्यांचं पाणी पावसाचंच. भेगांतून ते खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही.

आता वाटेवर काय बघायचं ते. थोडं चढून गेलं की काही ठिकाणी कातळ अगदी घट्ट लागतो, हातोडा मारला तर खणखणेल असा. तोच पुढे भोकाभोकांचा होतो. लाव्हा निवताना वायू वर आले, त्यांचे हे बुडबुडे. पुढे त्यांत पाणी झिरपलं आणि पांढरी, गुलाबीसर खनिजं साठली. त्यांना झिओलाइट म्हणतात. हाताच्या भिंगातून बघितलं तर एखाद्या भोकात सुईसारखे स्फटिक मध्याकडे तोंड करून बसलेले दिसतात. वाघोलीच्या खाणींत याच कातळात कॅव्हनसाइट नावाचं निळंशार खनिज मिळालं आणि जगभरच्या संग्रहालयांत गेलं. गडावरचं मात्र फोडू नका, फोटो काढा. काही ठिकाणी कातळाचे गोल गोटे कांद्यासारखे पापुद्रे सोडत झिजलेले दिसतात, तेही तिला आवडतील.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन थरांमधली सांध. एक प्रवाह निवून त्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये माती तयार व्हायची. नवा लाव्हा आला की ती भाजून तांबडी व्हायची. कात्रज घाटात किंवा दिवेघाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत असे तांबडे पट्टे दिसतात. वरच्या कातळातल्या भेगांतून उतरलेलं पाणी अशा चिकणमातीवर येऊन अडतं आणि आडवं बाहेर पडतं. डोंगरावर उन्हाळ्यातही एखादी हिरवी आडवी रेघ दिसली तर बहुतेक वेळा ती या सांधेची असते. गडांवरची टाकी खोदणाऱ्यांनीही अशाच जागा हेरल्या. कुठला थर पाणी धरतो आणि कुठला सोडतो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

प्राण्या-पक्ष्यांचंही तसंच. घट्ट थराचा उभा कडा झाला की त्याच्या कपारींत शाहीन ससाणा बसतो. कड्याच्या पोटाखाली, जिथे पाऊस लागत नाही, तिथे भिंगऱ्या चिखलाच्या वाट्या चिकटवून घरटी करतात. भुसभुशीत थराचा उतार झाला की तिथे माती धरते, झाडी येते आणि वानरांचे कळप दिसतात. दोन थरांच्या पायरीवरून ओढा कोसळतो तिथे पावसाळ्यात पहाटे शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते. माणूसच शीळ घालतोय असं वाटतं, इतकी ती सुरेल.

अंधेरीकर_७

मुंबईकरांसाठी भर घालतो. अंधेरीची गिल्बर्ट हिल हाही त्याच काळचा बेसॉल्ट, पण तिथे तो उभ्या खांबांच्या रूपात निवलाय. सुमारे ६१ मीटर उंच, वर गावदेवीचं देऊळ, चहूबाजूंनी इमारती. लाव्हा निवताना आकसतो, त्याला तडे जातात आणि ते तडे बहुकोनी खांब तयार करतात. आणखी एक गोष्ट लेकीला नक्की आवडेल. दोन प्रवाहांच्या मधल्या काळात इथे तळी होती. वरळीला अशाच मधल्या थरांत छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. एकोणिसाव्या शतकातच त्यांचा अभ्यास झाला. इंडोबॅट्रॅकस असं त्या बेडकाचं नाव.

कातळवेडी

@अंधेरीकर_७, फार चांगली आठवण काढलीत. त्या बेडकांवरून कळतं की दोन प्रवाहांच्या मध्ये इथे पाणी साठायला, जीव नांदायला पुरेसा वेळ होता.

रानवाट_ग्रुप

ताई, आमचा ग्रुप दर जूनला डोंगरांवर झाडं लावतो. यंदा सिंहगडाच्या बाजूचे बोडके उतार घ्यायचं ठरतंय. तुमच्या लिहिण्यावरून प्रश्न पडला, खड्डे कुठल्या थरात घ्यावेत? आणि गिरीपुष्प चालेल ना? ते पटकन जगतं.

कातळवेडी

तुमची तळमळ मला मनापासून पटते, म्हणूनच स्पष्ट लिहिते. ते उतार बोडके नाहीत. घट्ट कातळावर बोटभर माती असते आणि तिथे गवतच येतं, हजारो वर्षं येत आलंय. त्या गवतात लावे आणि तित्तर जमिनीवर अंडी घालतात. भाद्रपदात तिथेच तेरडा आणि सोनकी फुलते. अशा जागी पहारीने खड्डे घेतले तर आहे ती माती पहिल्याच जोरदार पावसात वाहून जाते, आणि रोपाचं मूळ खाली जाणार कुठे?

गिरीपुष्प तर नकोच. ते अमेरिकेकडचं झाड. पुण्याच्या टेकड्यांवर ते भरमसाट लावलं गेलंय आणि त्याखाली आपलं गवत फारसं टिकत नाही. लावायचंच असेल तर ओढ्याच्या काठाला, पायथ्याच्या मातीत, किंवा मी म्हटलं त्या ओलसर पट्ट्याखाली. तेही आजूबाजूच्या रानात आधीपासून जे आहे तेच, आणि वनखात्याला विचारून.

तुमची माणसं मला फेब्रुवारी ते मे या काळात जास्त हवी आहेत. नवं गवत चांगलं फुटतं या समजुतीने वणवे लावतात आणि एका दुपारीत सरडे, अंडी, पिल्लं, कारवीची कोवळी खोडं सगळं जातं. कारवी सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्या वर्षी एकदाच फुलून मरते. सहाव्या वर्षी ती जळाली तर तिचं बी पडणारच नाही. आधीच जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेले पट्टे, तयार ठेवल्या आणि वणव्याच्या दिवसांत पहाऱ्याला दहा जण उभे केले, तर तेवढ्याने पूर्ण उतार वाचतो.

रानवाट_ग्रुप

हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. रविवारच्या बैठकीत मांडतो. जाळरेषेचं काम शिकायला तुम्हाला विचारलं तर चालेल का?

कातळवेडी

जरूर विचारा. वनरक्षकांनाही बोलवा, त्यांना ते काम माझ्यापेक्षा चांगलं येतं.

मुक्ता_धायरी

ताई, लेकीला सगळं वाचून दाखवलं. आता तिला सांध शोधायचीच आहे. डिसेंबरच्या सुट्टीत गेलो तर चालेल का? पक्षी मिळतील?

कातळवेडी

डिसेंबर उत्तमच. हवा स्वच्छ असते, त्यामुळे समोरच्या डोंगरांच्या रेघा जुळवता येतील. गाडीरस्त्याने वर जाऊ नका, आतकरवाडीतून चढा आणि उजाडताच निघा. आधी पायथ्याच्या दरीतल्या झाडीत तासभर शांत बसा. हिवाळ्यात तिथे हिमालयाकडून आलेला निळसर व्हर्डिटर माशीमार आणि आपला टिकेलचा निळा माशीमार दोन्ही दिसू शकतात. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर दिसला तर प्रकल्पाचं मुखपृष्ठ तेच.

वर पोचल्यावर कल्याण दरवाज्याकडे जा आणि आत राहूनच कड्याखाली बघा. भिंगऱ्या आणि ससाणा आपल्याला खालून नाही, वरून दिसतात, हे तिथलं खास. वाटेत सुटे दगड मात्र उलटू देऊ नका, खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं. एक भिंग, एक साधी दुर्बीण आणि रेघा काढायला कोरी वही घ्या. देवटाक्याशी गेलात की टाक्याच्या कडेचा कातळ तिला हाताने चाचपून बघू दे, घट्ट आहे की भोकाभोकांचा, आणि काय आढळलं ते इथे लिहा.