शंभर टक्के, पण कशाचे?

वापरलेला लॅपटॉप विकत घेताना अनेकदा ऐकू येणारे ‘चार्ज १०० टक्के दिसतो, म्हणजे बॅटरी चांगली’ हे मत मला पटत नाही, कारण तो आकडा बॅटरीत आज उरलेल्या क्षमतेच्या तुलनेत असतो, नव्या बॅटरीच्या नव्हे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा टाइप केली की बॅटरीच्या अहवालाची फाइल तयार होते. तीत मूळ क्षमता ५०,००० मिलिवॅट-तास आणि पूर्ण चार्जची क्षमता ३१,००० दिसत असेल, तर बॅटरी ६२ टक्केच उरली आहे. चार्जिंगच्या आवर्तनांची संख्याही (बॅटरी साधारण किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली, ते) तिथेच मिळते, मात्र काही लॅपटॉप ती नोंदवत नाहीत. चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवून चार्ज किती उतरतो ते पाहाच, आणि टचपॅड वर उचललेला किंवा तळ फुगलेला दिसला, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते, म्हणून अहवाल कितीही चांगला असला तरी तो लॅपटॉप कृपया घेऊ नका.