सर्क्युलर इकॉनॉमीचं संशोधन देशागणिक वेगळं, मग आपण युरोपचे प्रश्न का सोडवतोय?

नदीकाठचा: बरेच दिवस यावर वाचतोय. सर्क्युलर इकॉनॉमी, म्हणजे वस्तू आणि माल टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवणं. शब्द एकच, पण प्रत्येक देशाचं दुखणं वेगळं आणि संशोधनही त्याच दुखण्याचं. जर्मनीत 1996 ला लागू झालेला कायदा मुळात कचऱ्याचा. चीनने 2008 मध्ये कायदा केला तो कारखान्यांच्या प्रदूषणाने नाकीनऊ आल्यावर, म्हणून तिकडचा भर इंडस्ट्रियल पार्कवर, एकाचं टाकाऊ ते दुसऱ्याचा कच्चा माल. नेदरलँड्सला 2050 पर्यंत पूर्ण सर्क्युलर व्हायचंय, त्यामुळे तिथे डिझाइन, दुरुस्ती, वस्तू विकण्याऐवजी भाड्याने देणं असले विषय. आणि आपण त्यांचे पेपर समोर ठेवून आपले विषय ठरवतो, हे चुकतंय असं माझं स्पष्ट मत आहे.

सरळरेषा: नाही पटलं दादा. प्रत्येकाने आपापली फूटपट्टी आणली तर तुलना कशाची करणार? 2017 मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेख्ट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी सर्क्युलर इकॉनॉमीच्या 114 व्याख्या तपासल्या, इतका गोंधळ आधीच आहे, त्यात आपली अजून एक कशाला. एक टन प्लास्टिक पुण्यात पण एक टनच.

सांगलीची_ताई: चीनच्या ग्वांग्शीमधला ग्वेतांग साखर कारखाना या विषयात नेहमी उदाहरण म्हणून येतो, बगॅसपासून म्हणजे उसाच्या चोथ्यापासून कागद, मळीपासून अल्कोहोल, उरलेल्यातून खत. अहो आमच्याकडे बगॅस जाळून वीज म्हणजे को-जन, मळीवर डिस्टिलरी, प्रेसमड म्हणजे रस गाळून उरलेला गाळ शेतात, हे सगळं लहानपणापासून बघतेय. पण त्यांच्यावर जेवढं लिहिलं गेलं तेवढं आमच्याबद्दल माझ्या तरी वाचनात नाही.

सरळरेषा: ताई, मग हे माझ्याच बाजूचं झालं ना, मोजायची पद्धत सारखी ठेवली तर दोन्ही कारखाने शेजारी ठेवता येतील. आणि खरं सांगू, आमच्या गावाखाली नदीत कारखान्याचं पाणी सुटलं की मासे वर यायचे, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आकडा नसेल तर सगळं वापरलं जातं म्हणायला काय जातं.

भंगार_आणि_माणूस: टन टन काय करताय. त्याच 114 व्याख्यांच्या अभ्यासात दिसलं की सामाजिक न्यायाचा उल्लेख जेमतेम आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून आहे, पुढे त्यातूनच स्वच्छ सहकारी संस्था झाली, घरोघर जाऊन कचरा घेणाऱ्या, हाताने वेगळा करणाऱ्या बाया. एक टन प्लास्टिक मशीनने वेगळं झालं आणि एक टन एका बाईने उन्हात बसून केलं, तुमच्या फूटपट्टीवर दोन्ही सेम! युरोपचं तर असं की जहाजाने बाहेर पाठवलेलं प्लास्टिकपण रिसायकल म्हणून मोजलं जायचं, 2018 ला चीनने बाहेरचा प्लास्टिक कचरा घेणं बंद केल्यावर सगळ्यांची पळापळ झाली.

सरळरेषा: हा मुद्दा मान्य. पण ते मोजमाप चुकीचं होतं म्हणून, सारखं होतं म्हणून नाही.

नदीकाठचा: पण काय मोजायचं हे कोण ठरवतं, माझं भांडण तिथेच आहे. मला आपल्याकडच्या पेपरात टनाशेजारी त्या बाईची दिवसाची कमाई बघायचीय, आणि कारखान्याच्या आकड्याशेजारी खालच्या गावातलं नदीचं पाणी.

सांगलीची_ताई: उसाला लागलेलं पाणीपण धरा त्यात.