तेजसचं इंजिन: आपलं ओतायचं, की परक्याचं बसवून मोकळं व्हायचं?

तिरकसपंत

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून तेजस मार्क १ए, म्हणजे तेजसचं सुधारित रूप, उडालं. संरक्षणमंत्री आले, पाण्याचे फवारे उडाले, फोटो झाले. मी नाशिकचा, त्यामुळे माझीही छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापर्यंत ८३ विमानांच्या ऑर्डरीतलं एकही विमान हवाई दलाच्या ताब्यात गेलेलं नव्हतं. ऑर्डर फेब्रुवारी २०२१ ची, पहिलं विमान मिळायचं होतं मार्च २०२४ मध्ये. आणि ओझरच्या सोहळ्याच्या तीनच आठवडे आधी चंदीगडला शेवटच्या मिग-२१ ना निरोप दिला होता. हवाई दलाला मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, ४२, हातात उरल्या २९.

सांगाडा तयार, इंजिन नाही. तेजसचं एफ-४०४ इंजिन अमेरिकेतून यायचं. ९९ मागवली होती, त्यातलं पहिलं मार्च २०२५ मध्ये मिळालं. वराती जमल्यात, घोडा आणायला माणूस गेलाय.

उशीर कुणालाही होतो, त्याचं मला फार वाटत नाही. मला सलतं ते वेगळंच. १९७८ साली आपल्याला स्वीडनचं व्हिगन विमान घ्यायचं होतं. स्वीडन द्यायला तयार होता, आपण विचारात घेत होतो, आणि अमेरिकेने नाही म्हटलं, कारण त्यातल्या इंजिनाचं मूळ अमेरिकन. शेवटी आपण जॅग्वार घेतलं. म्हणजे विकणारा तिसरा, घेणारा दुसरा, आणि नकाराधिकार पहिल्याचा! पोखरणनंतर १९९८ मध्ये तर तेजसवर काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना अमेरिकेतून परत पाठवलं आणि त्यांनी तिथे केलेलं कामही अडकवून ठेवलं. उड्डाण-नियंत्रणाचं सॉफ्टवेअर मग बंगळुरूत आपल्याच माणसांनी पुरं केलं आणि ४ जानेवारी २००१ ला विमान उडालं. ते जमलं, कारण ते डोक्यातलं काम होतं. टर्बाइनचं पातं असं रात्री जागून होत नाही.

म्हणून म्हणतो, तेजससाठी आपणच करायला घेतलेल्या कावेरी इंजिनाला परत पैसा द्या, आणि भीक घातल्यासारखा नको, पोटभर द्या. १९८९ ला मंजूर झालेला प्रकल्प २००८ मध्ये तेजसपासून तोडला. उद्दिष्ट ८१ किलोन्यूटन जोराचं (किलोन्यूटन म्हणजे इंजिनाची ढकलशक्ती मोजायचं माप), गाडी सत्तरीच्या आसपास अडली. म्हणून काय कायमचं सोडून द्यायचं?

बोला.

शेंगदाणे

पंत, लेख झणझणीत आहे, पण अर्धी गोष्ट सांगितलीत. ती इंजिनं उशिरा का आली?

पहिल्या तेजससाठी ६५ इंजिनं अमेरिकन कंपनीने २०१६ पर्यंत देऊन टाकली. पुढे ऑर्डर नाही. कंपनीने त्या इंजिनाची लाइन बंद केली. कोण चालू ठेवेल? मग पाच वर्षांनी, २०२१ मध्ये, आपण ९९ मागितली. लाइन परत उभी करायची, पुरवठादार परत गोळा करायचे, त्यातच कोविडने जगभर सगळ्यांच्या साखळ्या तोडलेल्या. गिऱ्हाईक पाच वर्षं दुकानाकडे फिरकलं नाही आणि आता शटर खाली दिसलं म्हणून गल्लीत बोंब मारतंय.

२०१६ मध्येच पुढची ऑर्डर दिली असती तर यातलं काही झालं नसतं. हा वॉशिंग्टनचा नकाराधिकार नाही, दिल्लीतल्या टेबलावरचा ढिगारा आहे. कावेरी झालं असतं तरी त्याची ऑर्डर याच टेबलावरून निघाली असती ना?

आणि इंजिनं आली नाहीत म्हणूनच सगळं अडलंय, हेही खरं नाही. रडार, क्षेपणास्त्रं, सगळी जोडणी, चाचण्या. फेब्रुवारी २०२५ ला एरो इंडिया या विमान-प्रदर्शनात हवाई दलप्रमुखांनी सुनावलं ते अमेरिकन कंपनीला नव्हे, तेजस बनवणाऱ्या आपल्याच सरकारी एचएएलला. मे महिन्यात त्यांनी पुन्हा सुनावलं, की वेळेवर पुरा झालेला एकही प्रकल्प त्यांना आठवत नाही.

तिरकसपंत

@शेंगदाणे, टेबलाचा मुद्दा मान्य. पण स्वतःची भट्टी असती तर पाच वर्षं ऑर्डर नाही म्हणून ती कायमची विझली नसती. मंद ठेवता आली असती.

शेंगदाणे

पैसे कुणी दिले असते मंद ठेवायला? पुन्हा तेच टेबल.

बॉस्टनबंडू

मी लिनपासून अर्ध्या तासावर राहतो. मॅसॅच्युसेट्समधलं हे जुनं कारखान्यांचं गाव, एफ-४०४ इथेच बनतं. उन्हाळ्यात मराठी मंडळाच्या सहलीला जाताना त्या कुंपणावरून जातो, दरवेळी कुणीतरी म्हणतंच, "आपल्या तेजसचं सासर."

दोन गोष्टी. स्वीडनसारखा देश, ज्याने स्वतःची विमानं बनवायची परंपरा कधी मोडली नाही, त्याच्या ग्रिपेनमध्येही अमेरिकन इंजिनाचंच रूप आहे. दक्षिण कोरियाचं टी-५०? एफ-४०४. त्यांचं नवं केएफ-२१? एफ-४१४, तेही अमेरिकनच. तुर्कस्तानने 'कान' नावाचं लढाऊ विमान उडवलं तेही अमेरिकन इंजिनावर. आपल्या शेजाऱ्याचं जेएफ-१७ रशियन इंजिनावर. लढाऊ विमानाचं इंजिन पूर्ण आपल्या बळावर बनवणारे देश एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्या रांगेत नसणं ही नामुष्की नव्हे.

दुसरं. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पसाहेबांनी आपल्यावर पन्नास टक्के टॅरिफ लावला. इकडे आम्ही नातेवाइकांच्या फोनवर राजकारण टाळायला लागलो होतो. आणि ७ नोव्हेंबरला त्याच अमेरिकन कंपनीशी आणखी ११३ इंजिनांचा करार झाला, २०२७ ते २०३२ मध्ये मिळायची. एवढा बेबनाव असतानाही इंजिनांचा व्यवहार थांबला नाही, ही नोंद पंतांनी घ्यावी.

तिरकसपंत

घेतली. आता तुम्ही ही घ्या. पाकिस्तानने एफ-१६ चे पैसे भरले होते. १९९० मध्ये निर्बंध आले आणि तयार विमानं वर्षानुवर्षं ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. तेही तेव्हा लाडके मित्रच होते, अफगाणिस्तानात खांद्याला खांदा लावून. करार झाला म्हणून माल आला, असं नसतं बंडूशेठ.

आणि स्वीडनचं म्हणाल तर वरचं व्हिगनचं उदाहरण स्वीडनचंच आहे! विमान बनवतो तो, पण कुणाला विकावं हे ठरवतो दुसरा.

चहाटळ

साठ वर्षांत काही केलं नाही, आता विचारताय होय?

खमंग काकडी

@चहाटळ, ११ वर्षं मोजायची राहिली का? टाळ्या वाजवायला ओझरला गेला होतात ना?

चहाटळ

तुमचे लोक तर राफेलवरच अडून बसले होते.

खमंग काकडी

विषय इंजिनाचा आहे दादा.

मारुतभक्त

वरच्या दोघांनी आपसात ठरवून घ्या, आम्ही पुढे जातो.

पंतांनी १९७८ पासून सुरुवात केली, मी आणखी मागे नेतो. एचएफ-२४ मारुत, आपल्याकडेच बनलेलं लढाऊ विमान. १७ जून १९६१ ला पहिलं उड्डाण. रचनाकार कुर्ट टांक, युद्धकाळात जर्मनीत नाव कमावलेला माणूस, नेहरूंच्या काळात बंगळुरूला येऊन राहिला. विमान इतकं सुबक की आजही फोटो बघत राहावं. ध्वनीच्या वेगापलीकडे जाईल अशा बेताने काढलेलं. पण त्याला हवं ते जोरकस ऑर्फियस इंजिन पुढे विकसित करायला ब्रिटिश कंपनीने पैसे मागितले, ते आपण दिले नाहीत. कमी ताकदीची दोन बसवली. सरळ उड्डाणात ते कधी ध्वनीची भिंत ओलांडू शकलं नाही. मग इजिप्तच्या इंजिनाशी सोयरीक जमवून पाहिली, एक मारुत तिकडे जाऊन उडालंही, पण ते लग्नही मोडलं. तरी १९७१ मध्ये राजस्थान आघाडीवर मारुतने काम केलं. दीडशेच्या आत विमानं बनली आणि विषय संपला.

साठ वर्षांपूर्वी विमान होतं, इंजिन नव्हतं. आजही तेच. यावर कुणाला काही वाटतं की नाही?

शेंगदाणे

वाटतं. पण बघा, मारुतची गोष्ट माझ्या बाजूची आहे. तिथे परदेशी इंजिनात वेळेवर पैसे घातले असते तर काम झालं असतं. स्वदेशीच हवं, या हट्टाची ती गोष्ट नाही. ती कंजूषपणाची आहे.

मारुतभक्त

हम्म. हे मी या बाजूने पाहिलं नव्हतं. तरी परक्यावर अवलंबून राहिलो म्हणूनच कंजूषपणा नडला, एवढं राहतंच.

गगनगिरी

इस्रोचं उदाहरण कुणी दिलं नाही? रशिया क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाचं, तंत्रज्ञान देणार होता, अमेरिकेच्या दबावाखाली १९९३ मध्ये त्याने शब्द फिरवला. इस्रोने स्वतः केलं. ५ जानेवारी २०१४ ला जीएसएलव्ही रॉकेट आपल्या क्रायोजेनिक इंजिनावर यशस्वी झालं. म्हणजे होतं! जिद्द हवी.

निवृत्त फिटर

सगळ्यांना नमस्कार. मी सहसा नुसता वाचतो, पण गगनगिरींचं वाचून राहवेना.

क्रायोजेनिकचं कौतुक मलाही आहे. पण बेटा, ते इंजिन एकदाच पेटतं, बारा मिनिटांच्या आसपास जळतं आणि काम झालं की संपलं. लढाऊ विमानाचं इंजिन हजारो तास चालायचं असतं. पायलट एका क्षणात थ्रॉटल पुढे ढकलतो, दुसऱ्या क्षणी मागे ओढतो. दरवेळी आतलं सगळं तापतं, निवतं, ताणतं, आखडतं. टर्बाइनपाशी वायू इतका गरम असतो की तिथलं पातं ज्या धातूचं, तो धातूच वितळावा. तरी वितळत नाही, कारण पात्याच्या पोटात केसासारख्या वाटा असतात आणि त्यातून थंड हवा खेळवलेली असते. शिवाय ते पातं एकाच स्फटिकाचं, आत सांधा म्हणून नाही. सांधा आला की तिथून तडा आलाच. हैदराबादच्या संरक्षण धातू प्रयोगशाळेने अशी साठ पाती २०२१ मध्ये एचएएलला हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी दिली. म्हणजे आपल्याला काही येत नाही असं नव्हे. पण हेलिकॉप्टरचं इंजिन आणि लढाऊ विमानाचं, यात अंतर आहे.

माझी ३४ वर्षं ओझर मिगला गेली. (आमच्याकडे गावालाच मिग म्हणतात. बसचा कंडक्टरही "मिग, मिग" असंच ओरडायचा.) मिग-२१ पासून सुरुवात, मग मिग-२७, शेवटी सुखोई. इंजिनं यायची ओडिशातल्या कोरापुटहून, तीही परवान्यावर बनवलेली. रशियन नकाशे आम्हाला तोंडपाठ होते. कुठला बोल्ट किती आवळायचा, झोपेत सांगेन. पण तो बोल्ट तिथेच का, दोन इंच अलीकडे का नाही, हे नकाशात नसतं. ते ज्याने विमान काढलं त्याच्या वहीत असतं, आणि वही कुणी विकत नाही.

म्हणून एफ-४१४ इंजिन इथे बनवायची बोलणी चालली तेव्हा ऐंशी टक्के तंत्रज्ञान मिळणार असं वाचलं, तेव्हा आमच्या जुन्या मंडळींच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न आला तो राहिलेल्या विसाचा.

शेंगदाणे

काका, दंडवत. पण मग तुमचं मत काय? कावेरीत पैसे घालायचे की नाही?

भोसरीचा लेथवाला

काका उत्तर देतील तोवर माझी तळमळ ऐका.

माझं छोटं शॉप आहे, सात मशिनं. काही वर्षांपूर्वी एका सरकारी उपक्रमासाठी (नाव घेत नाही, धंदा करायचाय) हवाई वापराचे काही भाग केले. माप इतकं काटेकोर की तयार चारांतला एक आम्हीच भंगारात टाकायचो. तपासणी झाली, पास झाले. पैसे चौदा महिन्यांनी. मधल्या काळात मुलांचे पगार मी बायकोच्या नावावरच्या ठेवी मोडून केले. पुढच्या वेळी तेच काम निविदेत सगळ्यात कमी भाव लावणाऱ्याला गेलं. त्याला जमलं नाही. मग मला फोन, "करता का त्याच भावात?"

मी आता मोटारीचे भाग करतो. तिथे साठ दिवसांत पैसे मिळतात.

तुम्ही लोक वॉशिंग्टन, स्वीडन, इजिप्त बोलताय. मला विचाराल तर इंजिन अडतं ते आमच्यासारखी माणसं एकदा करून पुन्हा त्या वाटेला जात नाहीत म्हणून. चारदा पातं बिघडवल्यावर पाचव्यांदा जमतं. पण ते आधीच्या चार वेळांचे पैसे द्यायला कुणी तयार नाही.

तिरकसपंत

+१. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

बॉस्टनबंडू

लेथवाले, तुमचं पटलं. पण त्यातून पंतांचा निष्कर्ष कसा निघतो? उलट पाच-पन्नास शॉपना हात बसावा म्हणून आधी परवान्याचं काम भरपूर आणा, नियमित आणा, पैसे वेळेवर द्या. चीनसुद्धा वर्षानुवर्षं जे-१० रशियन इंजिनांवर उडवत होता आणि मागच्या अंगणात स्वतःचं इंजिन रेटत होता. पैसा त्यांनी पाण्यासारखा ओतला. आपलं इंजिन पक्कं झाल्यावरच रशियन बाजूला काढलं. आधी विमान उभं ठेवा, मग इंजिनाचं बघू, असा क्रम होता.

तिरकसपंत

अहो, पण "मागच्या अंगणात रेटत होता" हेच तर मी मागतोय! ११३ मागवा, आणखी मागवा, कोण नको म्हणतंय? पण अंगणात काय चाललंय ते दाखवा. फ्रेंच साफ्रानबरोबर १२० किलोन्यूटनचं इंजिन करायचं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालं. छान. ते एएमसीएसाठी, म्हणजे आपल्या पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी. कावेरीचं आफ्टरबर्नरशिवायचं (म्हणजे मागे जादा इंधन जाळून जोर वाढवायची सोय नसलेलं) रूप मानवरहित विमानासाठी ठेवलंय. मग तेजसचं काय? पुढची वीस-तीस वर्षं ते उडणार आहे, १८० मार्क १ए ऑर्डर झालीत.

शेंगदाणे

१८० तेजसना दोन वेगळी इंजिनं कुणी सांभाळायची? सुटे भाग दोन, कामगारांचं प्रशिक्षण दोन, चाचण्या नव्याने. हवाई दल तुम्हाला हात जोडेल.

इथे तुमचं-माझं जमणार नाही पंत. फिटरकाका, तुम्हीच सांगा.

निवृत्त फिटर

आमच्या वेळी मॉस्कोजवळच्या विमानतळावर कावेरी एका मोठ्या इल्युशिन विमानाला लटकवून हवेत चालवून पाहिलं होतं. २०१० ची गोष्ट. आपल्याकडे ते करायला विमान नव्हतं, म्हणून तिकडे न्यावं लागलं. इंजिन चाललं, त्या दिवशी आम्ही ओझरला पेढे खाल्ले. आमचा त्याच्याशी काहीच संबंध नव्हता, तरी खाल्ले.

तुम्ही विचारताय कावेरीत पैसे घाला की नको. मी म्हणेन, आधी असं चाचणीचं विमान इथे आणा, आणि उंचावरची हवा जमिनीवर तयार करणारी चाचणीची सोय बांधा. मग कावेरी असो, फ्रेंच असो, काहीही असो, बिघडलं तर दुसऱ्या दिवशी परत लावता येईल. आत्ता बिघडलं की पेटीत भरून परदेशी पाठवायचं, तारीख मिळेस्तोवर थांबायचं. लेथवाल्यांच्या चार बिघडलेल्या पात्यांची गोष्ट तीच, नुसती पेटी मोठी.

अवांतर: शेंगदाणे, दोन इंजिनांचा सांभाळ अवघड म्हणालात. आम्ही एकाच हँगरमध्ये मिग-२१ आणि मिग-२७ दोन्ही उघडून बसायचो. शिव्या घालायचो, पण व्हायचं.